माळ्यावरचा पाळणा



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाच्या वहीसोबत दोन रिपोर्ट समोर ठेवले. एक त्यांच्या सासऱ्यांचा, लिव्हरच्या दुखण्याचा. दुसरा त्यांच्या धाकट्या जावेचा, तिला पाचवा महिना लागलेला. दोन्ही कागदांवर एकच नाव होतं: अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे ए.एफ.पी. सासऱ्यांची ही तपासणी कॅन्सरच्या शंकेनं केली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग कुजबुज सुरू झाली की धाकटीलाही तोच रोग आहे आणि माहेरच्यांनी तो लपवून लग्न लावलं. धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही.

जावेच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं लिहिलं होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा ताईंचा जीव भांड्यात पडला. पण पोटुशीची आणि कॅन्सरची तपासणी एकच कशी, हा प्रश्न बैठकीतल्या सगळ्याजणींना पडला. शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. म्हणून आजच्या भाषणात आम्ही त्या तपासणीचा इतिहासच सांगणार आहोत.

आधी अँटिबॉडी म्हणजे काय ते बघू. मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात. परकी वस्तू अंगात शिरली की आपलं रक्त तिला ओळखणारं एक प्रथिन तयार करतं, ते हे. एक अँटिबॉडी एकाच गोष्टीला धरते. गोवराची अँटिबॉडी गोवराच्या विषाणूला धरेल, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. शास्त्रज्ञांनी या ओळखण्याचाच उपयोग करून घेतला. आशाताई देतात ते निश्चय किट तुम्ही पाहिलंय ना? लघवीचे थेंब टाकल्यावर त्यावर जी रंगीत रेघ उमटते, ती अँटिबॉडीमुळे.

आता दुसरी गोष्ट. घरात बाळ मोठं झालं की आपण पाळणा उतरवतो आणि माळ्यावर टाकतो. मोडत नाही, विकत नाही. आपल्या पेशींचंही असंच आहे. पोटात बाळाचे अवयव घडत असताना पेशी काही खास प्रथिनं बनवतात. अवयव घडून झाले की ती बनवणं थांबतं. पण बनवायची रीत पेशीत तशीच राहते, माळ्यावरच्या पाळण्यासारखी.

कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गर्भातल्या पेशींसारख्या दिसतात, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनाही जाणवलं होतं. १८७७ साली युलियस कोनहाइम या जर्मन डॉक्टरांनी असा विचार मांडला, की गर्भातल्या काही पेशी शरीरात कुठेतरी शिल्लक राहतात आणि पुढे त्यांचाच कॅन्सर होतो. प्रत्येक कॅन्सरला हे लागू पडत नाही असं नंतर दिसलं. पण गर्भ आणि गाठ यांच्यात काहीतरी नातं आहे, ही शंका मात्र गेली नाही. ते नातं नेमकं बोट ठेवून दाखवायला आणखी ८६ वर्षं लागली.

हे काम झालं मॉस्कोत. तिथे लेव झिल्बर नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. स्टालिनच्या राजवटीत त्यांना १९३०, १९३७ आणि १९४० अशी तीनदा अटक झाली. तुरुंगातही त्यांनी कॅन्सरचा अभ्यास सोडला नाही. कैद्यांना तंबाखू देऊन ते त्यांच्याकडून उंदीर पकडून घेत आणि त्यांच्यावर प्रयोग करत. तंबाखूच्या बदल्यात कॅन्सरचं संशोधन, हे ऐकून आम्हांला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. १९४४ साली त्यांची सुटका झाली. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत गॅरी आबेलेव्ह हे तरुण शास्त्रज्ञ काम करू लागले.

आबेलेव्ह यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता. निरोगी लिव्हरमध्ये कोणती प्रथिनं असतात आणि लिव्हरच्या गाठीत त्यांतली कोणती राहतात, कोणती जातात? त्यांची पद्धत आपल्याला सहज समजेल अशी आहे. काचेवर आगारचा पातळ थर द्यायचा. आगार म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेली खळ, चायना ग्रास ज्यापासून करतात तीच. त्यात एका बाजूला अँटिबॉडी असलेलं रक्ताचं पाणी ठेवायचं, दुसऱ्या बाजूला तपासायचा नमुना. दोन्ही हळूहळू पसरत एकमेकांकडे येतात. ओळख पटली तर मध्ये दह्याच्या कवडीसारखी पांढरी रेघ धरते, नाही पटली तर काहीच होत नाही.

उंदरांच्या लिव्हरच्या गाठीत त्यांना असं एक प्रथिन सापडलं, जे मोठ्या निरोगी उंदराच्या लिव्हरमध्ये नव्हतं. तेव्हा त्यांना कॅन्सरचं खास विष सापडलं असं म्हणता आलं असतं, आणि पेपरात फोटो आला असता. त्यांनी तेच प्रथिन उंदराच्या पोटातल्या पिलांमध्ये आणि नुकत्या जन्मलेल्या पिलांमध्ये शोधलं. तिथेही पांढरी रेघ धरली. म्हणजे हे नवं विष नव्हतं. पिलाचं लिव्हर घडताना लागणारं प्रथिन गाठ पुन्हा बनवत होती. पाळणा माळ्यावरून खाली आला होता.

हा शोध १९६३ साली छापून आला. त्यावर पाच जणांची नावं आहेत. त्यांपैकी पेरोव्हा, ख्रामकोव्हा आणि पोस्तनिकोव्हा या तिघी बायका. इतिहासात नाव मात्र आबेलेव्ह यांचंच येतं, म्हणून आम्ही या तिघींची नावं मुद्दाम घेतली. पुढच्याच वर्षी व्होल्गा नदीकाठच्या आस्त्राखान शहरातले युरी तातारिनोव्ह यांनी लिव्हरचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या रक्तात गर्भाचंच प्रथिन असल्याचं दाखवलं. ते हेच ए.एफ.पी.

आता त्या दोन रिपोर्टांचं कोडं सुटलं. पोटातल्या बाळाचं लिव्हर ए.एफ.पी. भरपूर बनवतं आणि त्यातलं थोडं आईच्या रक्तात उतरतं. जावेच्या रक्तात होतं ते तिच्या बाळाचं. जन्मल्यावर बाळाच्या रक्तातलं प्रमाण कमी होत जातं आणि वर्षभरात मोठ्या माणसाइतकं होतं. मोठ्या माणसात ते साधारणपणे एका मिलिलिटर रक्तात १० नॅनोग्रॅमच्या आत असतं, म्हणजे नसल्यातच जमा. पण लक्षात घ्या, माळ्यावरचा पाळणा खाली आला म्हणजे माळ्यावर चोरच शिरला असं नाही. घराची डागडुजी चालू असली तरी सामान खाली येतं. जुन्या काविळीत किंवा सिरॉसिसमध्ये लिव्हर स्वतःला दुरुस्त करू बघतं, तेव्हाही ए.एफ.पी. वाढू शकतं. म्हणून सासऱ्यांना डॉक्टरांनी पुढे सोनोग्राफीही करायला सांगितली होती. चीनमध्ये शांघाय इथे हिपॅटायटीस बी झालेल्या किंवा तशा काविळीचा इतिहास असलेल्या १८,८१६ लोकांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांना दर सहा महिन्यांनी रक्ताची ही तपासणी आणि सोनोग्राफी अशा दोन्ही मिळाल्या, त्या गटात लिव्हरच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००४ साली छापून आले.

गर्भार बाईच्या तपासणीत ए.एफ.पी. कसं आलं, तेही सांगतो. १९७२ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात डेव्हिड ब्रॉक आणि रॉजर सटक्लिफ यांना दिसलं, की बाळाची कवटी किंवा पाठीचा कणा नीट मिटला नसेल तर गर्भजलात ए.एफ.पी. खूप वाढतं. उघड्या जागेतून ते पाझरतं. पुढे हे आईच्या रक्तातही मोजता येऊ लागलं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष वाढलेल्या आकड्यावर होतं, कमी आकड्याचा विचार कोणी केला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये एका आईचं ए.एफ.पी. इतकं कमी आलं की मोजताच येईना, आणि तिचं बाळ गुणसूत्रांचा गंभीर दोष घेऊन जन्मलं. कमी आकड्याचा आणि बाळाच्या दोषाचा काही संबंध आहे का, असं त्या आईनं विचारलं. डॉ. अर्विन मर्काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने रिपोर्ट काढून पाहिले. संबंध होता. १९८४ साली ते छापून आलं आणि आजच्या ट्रिपल आणि क्वाड्रुपल मार्कर तपासण्या त्यातूनच पुढे उभ्या राहिल्या. दवाखान्यात प्रश्न विचारायला लाजणाऱ्या आमच्या ताईंना आम्ही ही गोष्ट नेहमी सांगतो.

या तपासणीत एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. आठवड्यागणिक ए.एफ.पी.चं प्रमाण बदलत जातं, म्हणून शेवटच्या पाळीची तारीख चुकीची सांगितली तर चांगलाच आकडा वाईट दिसतो. पोटात जुळी असतील तरीही आकडा वाढतो. तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवत जा.

आता मॉस्कोहून कॅनडातल्या मॉन्ट्रियलला येऊ. तिथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन हे दोघे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करत होते. रशियातल्या प्रयोगाशी त्यांच्या कामाचा संबंध नव्हता, ते आपल्या वाटेनं त्याच गोष्टीपाशी पोचले. त्यांची अडचण अशी, की एका माणसाची गाठ आणि दुसऱ्या माणसाचं निरोगी आतडं यांची तुलना केली, तर जो फरक दिसेल तो कॅन्सरचा की माणसामाणसांतला? त्यांनी यावर छान तोड काढली. आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन करताना आजूबाजूचं निरोगी आतडंही काढावं लागतं. मग त्याच रुग्णाचा गाठीचा तुकडा आणि निरोगी तुकडा एकमेकांशेजारी ठेवता येतो. नुकत्या जन्मलेल्या सशांना त्यांनी आधी निरोगी आतड्याचा अर्क टोचला, म्हणजे सशांना तो आपलाच वाटू लागला. मोठे झाल्यावर त्याच सशांना गाठीचा अर्क टोचला. आता सशांच्या रक्तात अँटिबॉडी तयार होणार ती फक्त गाठीत जास्तीचं जे असेल त्याच्याविरुद्ध. सासरी नव्यानं आलेली सून पदार्थ चाखून यात काय जास्त पडलंय ते ओळखते, तसं.

असं जे प्रथिन मिळालं, ते पोटातल्या बाळाच्या आतड्यात, लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडातही सापडलं, तेही गर्भाच्या दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात. त्याला नाव मिळालं सी.ई.ए., म्हणजे कॅन्सरमध्ये आणि गर्भात दिसणारा पदार्थ. हा शोध १९६५ सालचा. १९६९ साली याच मंडळींनी ते रक्तात मोजलं, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात ते निघालं. केवढा आनंद झाला असेल! थेंबभर रक्त द्यायचं आणि कॅन्सर आहे की नाही कळायचं, असं स्वप्न जगभर पसरलं.

ते टिकलं नाही. गाठ लहान असताना, म्हणजे जेव्हा कळायला हवं नेमकं तेव्हा, सी.ई.ए. बऱ्याचदा वाढतच नाही. आणि कॅन्सर नसतानाही ते वाढतं: बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, सिरॉसिसमध्ये, आतड्याच्या जुन्या सुजेत. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञ बोलावून विचार केला. निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असं ठरलं. ऑपरेशन झाल्यावर रोग पुन्हा डोकं वर काढतोय का, ते पाहायला ती उपयोगी आहे, आणि त्यासाठी ती आजही वापरतात.

१९८० साली ठरलेली ही गोष्ट आमच्या भागात अजून पोचलेली नाही. मध्यंतरी एक शिबिर लागलं होतं, त्यात ट्यूमर मार्करचं पॅकेज होतं. कोणाचं शिबिर ते इथे सांगत नाही. गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज घेऊन नवऱ्याचं पॅकेज केलं. सी.ई.ए. थोडं जास्त आलं. मग शहरात हेलपाटे, दुर्बिणीची तपासणी, शेळी विकली. निदान काय, तर आतडं स्वच्छ. नवरा रोज दोन बंडल बिडी ओढतो, हे पॅकेज विकणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं. त्या शेळीचं आम्हांला अजून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट निव्वळ बायकांची आहे. कधीकधी गर्भ राहतो पण बाळ घडत नाही, वार तेवढी द्राक्षांच्या घडासारखी फुगत जाते. याला द्राक्षगर्भ म्हणतात. पिशवी साफ केल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात, पण काहींच्या बाबतीत त्याच पेशींचा कॅन्सर होतो. वार ही बाळाच्याच बाजूनं घडते आणि एच.सी.जी. नावाचं संप्रेरक बनवते. निश्चय किटवरची रेघ याचीच. १९५६ साली अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेचा कॅन्सर पसरलेल्या बाईला मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन बरं केलं. गाठी दिसेनाशा झाल्या तरी लघवीत एच.सी.जी. सापडतं तोवर औषध चालू ठेवायचं, असा ली यांचा आग्रह. वरिष्ठांना तो पटला नाही आणि ली यांना संस्था सोडावी लागली. पुढे त्यांचंच बरोबर ठरलं. १९७२ साली दोघांना लास्कर हा मोठा पुरस्कार मिळाला.

पण एच.सी.जी. मोजणं तेव्हा किचकट होतं. ते दोन भागांचं असतं. त्यांतला एक भाग दर महिन्याला बाईच्या अंगात येणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकासारखाच असल्यामुळे अँटिबॉडीची फसगत व्हायची. १९७२ साली ज्युडिथ व्हायटुकायटिस या डॉक्टरबाईंनी ब्राउनस्टीन आणि रॉस या सहकाऱ्यांबरोबर फक्त वेगळ्या भागाला धरणारी अँटिबॉडी केली. कॅन्सरच्या रुग्णांत एच.सी.जी.चा अचूक माग काढता यावा म्हणून ही सगळी खटपट होती. घरोघरी होणारी गर्भाची तपासणी ही त्यातून पुढे आलेली गोष्ट. द्राक्षगर्भ झालेल्या बाईला डॉक्टर पिशवी साफ केल्यावरही पुन्हा पुन्हा रक्त तपासायला बोलावतात आणि तोवर दिवस जाऊ देऊ नका म्हणतात, ते याचसाठी. नवं बाळ राहिलं तर आकडा बाळाचा की रोगाचा, ते कळणार कसं? एकदा बरं वाटलं म्हणून या फेऱ्या चुकवू नका.

१९७५ साली केंब्रिजमध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती शोधली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे ठिकठिकाणी नव्या अँटिबॉडी तयार होऊ लागल्या. त्यांतली एक अमेरिकेतल्या न्यू जर्सीत डॉ. किरॉन दास यांनी केली, तिला दास-१ म्हणतात. मोठ्या आतड्याला सूज का येते याचा शोध घेताना ती हाती लागली. मोठ्या आतड्याच्या अस्तराला ती बरोबर ओळखते.

छातीत रोज जळजळ होते, आंबट पाणी वर येतं, असं वर्षानुवर्षं चाललं तर काही जणांच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलून आतड्यासारखं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचा बदल आहे. त्याला बॅरेटची अन्ननलिका म्हणतात. १९९४ साली दास-१ तिथे चिकटते असं दिसलं. २००० साली असंही छापून आलं, की दास-१ ज्याला धरते तो पदार्थ गर्भाची वाढ होताना लिव्हरसह निरनिराळ्या अवयवांत वयानुसार येतो-जातो. पुढे २००३ साली जठराच्या अस्तरातल्या अशाच एका धोक्याच्या बदलातही ती चिकटलेली दिसली. म्हणजे पाळणा खाली येतो तो गाठ झाल्यावरच नाही, आधीही येतो. ए.एफ.पी. आणि सी.ई.ए. ही चोरी झाल्यावरची बातमी बरेचदा आणतात, इथे चोर अजून आवारात आहे. आम्हांला सगळ्यांत आशा वाटते ती यात. पण दास-१साठी दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढावा लागतो. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मागावी अशी ही तपासणी नव्हे, आणि नुसत्या रक्ताच्या थेंबात ती होते असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका.

गर्भपिशवीच्या तोंडाचं तसं नाही. तिथले कॅन्सरच्या आधीचे बदल बाहेरून दिसतात किंवा विषाणूच्या तपासणीतून कळतात, त्याला अँटिबॉडी लागत नाही. यावरचा जगात गाजलेला एक अभ्यास आपल्याच मातीत झाला, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीनं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

त्या तपासणीविषयी बोलायला पुढच्या बुधवारी आपल्या उपकेंद्राच्या सिस्टर स्टुडिओत येणार आहेत. प्रश्न चिठ्ठीवर लिहून गटाच्या अध्यक्षांकडे द्या. नाव लिहायची गरज नाही.